सत्तावीस ठिपक्यांची बाई

२ जून

चि. खारूताई हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण फोनवर मी भाषण करते आणि तू "हं, हं" म्हणत दुसरंच काम उरकतेस, हे मला पक्कं ठाऊक आहे. पत्राला निदान दोन्ही डोळे द्यावे लागतात.

बातमी अशी, की आपण जिंकलो! हॉस्पिटलचं नवं धुलाईघर वीस डिसेंबरला सुरू होतंय आणि तिथे तुझ्या आईचं चित्र लागणार आहे. समितीपुढे पाऊण तास बोलले. पुढच्या दालनात अकरा तसबिरी आहेत आणि अकराच्या अकरा डॉक्टरांच्या. मी विचारलं, या थोर माणसांनी ऑपरेशनं केली तेव्हा रोग्याच्या अंगाखाली चादर होती की नव्हती? होती ना? मग ती कोणी धुतली? तिची तसबीर कुठे आहे? सगळे माना खाली घालून चहा प्यायले. चहा संपल्यावर ठराव मंजूर.

व्यवस्थापक बाई नव्या आहेत, माणूस बरा वाटतो. त्यांची एकच अट: चित्र हॉस्पिटलच्याच माणसाच्या हातचं असावं आणि बाई कोण आहे ते ओळखू यावं. मी म्हटलं, एकतीस वर्षं मी तुमच्या शिवणखोलीत फाटकी दुनिया शिवली, आता चित्रकार कशाला शोधायचा? मी टाक्यांनी करते.

आमच्या शेजारणीनं नातवाचा फोटो कॉम्प्युटरवर टाकून त्याचा क्रॉस स्टिचचा नमुना काढलाय. फोटोचे बारीक चौकोन होतात, आणि कुठल्या चौकोनात कुठल्या रंगाची फुली घालायची ते कागदावर छापून येतं. नातू जरा भोपळ्यासारखा झालाय, पण तो आहेच तसा. तू दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांच्या घरांचे नकाशे काढतेस. तुला हे अवघड नाही.

सोबत फोटो पाठवतेय. जुन्या वार्षिक अहवालाचं पान आहे, एकच प्रत आहे, घडी घालू नकोस. मागच्या रांगेत डावीकडून चौथी. खालची ओळ वाच: "अधीक्षक, वरिष्ठ डॉक्टर आणि इतर." त्या "इतर"मध्ये तुझी आई आहे. तिला तिथून बाहेर काढायचंय.

तुझी,
आत्या


११ जून

ती. आत्यास,
सा. न.

पान मिळालं. घडी घातली नाही, श्वाससुद्धा जपून घेतला.

सॉफ्टवेअर घेतलं. काम सोपं आहे. फोटो टाकायचा, रुंदीत किती फुल्या हव्यात ते सांगायचं, दोऱ्याचे किती रंग परवडतील ते सांगायचं. बाकी हिशेब ते करतं. सराव म्हणून ऑफिसातल्या चहावाल्या मावशींचा फोटो टाकून पाहिला. पहिल्या खेपेला त्यांना मिशा आल्या, कारण मी सहाच रंग दिले होते आणि ओठावरची सावली थेट काळी झाली. रंग वाढवल्यावर मिशा गेल्या. मावशी म्हणाल्या, "राहू दिल्या असत्यास, घरात जरा वचक बसला असता."

पण आईचं अवघड आहे. त्या पानावर तिचा चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा आहे. शिवाय तो फोटो नाही, छपाई आहे. भिंगातून बघ, नुसते काळे ठिपके दिसतील, काही जाड, काही बारीक. मी मोजले. कानापासून कानापर्यंत सत्तावीस ठिपके. कितीही मोठं केलं तरी ठिपकेच मोठे होतात, आई नाही.

दुसरा फोटो नाही का गं? कुठलाही चालेल.

तुझी,
खारू


१७ जून

चि. खारूस आशीर्वाद.

नाही. तुझ्या बाबांनी सगळे फोटो एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि पेटी ओल्या भिंतीला लावली. दादाला दुःख सांभाळता आलं नाही, पेटी काय सांभाळणार! फोटो एकमेकांना चिकटले. सोडवायला गेले तर याचा चेहरा त्याच्या पाठीला. तिचा एकही हाती लागला नाही.

पण तुला ती आठवत असेलच. ती गेली तेव्हा नऊ वर्षांची होतीस, काही तान्ही नव्हतीस. तुझे स्वतःचे डोळे आहेत, त्यांच्या मदतीनं तुझ्या त्या सॉफ्टवेअरला वाट दाखव.

ती कोण होती हे तुला कोणी नीट सांगितलं का? दादा तर तिचं नाव निघालं की उठून जायचा. मग ऐक. त्या काळी वॉर्डातली घाण चादर ज्या ढकलगाडीतून खाली यायची, त्याच गाडीतून धुतलेली वर जायची. गाडी पुसायची, एवढंच. बाळंतिणींच्या वॉर्डात एकामागून एक ताप यायला लागले. डॉक्टर हवेला दोष देत होते, पाण्याला देत होते, बाळंतिणींच्या आयांना देत होते. वहिनीनं वहीत लिहून ठेवलं की कुठल्या दिवशी कुठल्या वॉर्डाची गाडी बाळंतिणींकडे गेली आणि कधी ताप आला. मग एका सकाळी ती गाडीपुढे उभी राहिली. "धुतलेल्याला वेगळी गाडी मिळेपर्यंत एक चादर वर जाणार नाही." अधीक्षक स्वतः खाली आले. पहिल्यांदाच आले होते, दार कुठे ते त्यांना विचारावं लागलं. ओरडले. ती म्हणाली, "साहेब, ओल्यात उभे आहात, घसराल."

संध्याकाळपर्यंत दुसरी गाडी आली. महिन्यात ताप थांबले. वर्षाच्या अहवालात त्याबद्दल अधीक्षकांचं कौतुक छापलं आणि सोबत हा फोटो.

ही बाई आहे. तिचा चेहरा जसा होता तसा त्या भिंतीवर गेला पाहिजे. बाकी मला काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. कर.

आत्या


९ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

झालं! पाकिटात बारा कागद आहेत, बारा मिळून एक चित्र. कोपऱ्यात नंबर टाकलेत, ते जुळवून चिकटव. रुंदीत दोनशे चौकोन, उंचीत दोनशे साठ, रंग अठ्ठावीस. प्रत्येक खुणेसमोर दोऱ्याचा नंबर लिहिलाय.

रंग कुठून आले म्हणून विचारशील. सॉफ्टवेअर आता फार पुढे गेलंय, काळ्या-पांढऱ्यातून रंग काढतं, पुसट असेल ते भरून काढतं. मला फारसं काही करावं लागलं नाही.

मॅटीच्या कापडाला चार घड्या घालून मध्य काढ आणि तिथूनच सुरू कर. मध्य बरोबर नाकाच्या शेंड्यावर येतो.

ऑफिसात कामाचा ढीग आहे, म्हणून थोडक्यात आटोपते.

तुझी,
खारू


३० ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

अगं, काय नमुना केलायस! सात आठवडे झाले, मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला, पण कापडातून माणूस वर येतोय. नाक झालं, ओठ झाले, उजवा गाल झाला, दोन्ही डोळे झाले. ज्या दिवशी उजव्या बुबुळात पांढरी एकच फुली घातली, त्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "काय वहिनी?"

शिवणखोलीतल्या जुन्या दोघी आल्या होत्या, डावखुरी आणि गुंडीबाई. गुंडीबाई तुला आठवते का? आयुष्यभर डॉक्टरांच्या कोटांना गुंड्या लावल्या तिनं. ती म्हणाली, "अगदी तीच. फक्त रागावलेली नाही." व्यवस्थापक बाईंनाही कापड दाखवलं. त्या हरखून गेल्या. "फारच गोड चेहरा," म्हणाल्या. वहिनीला कोणी गोड म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं, पण असो, मेल्यावर माणूस गोड होतो.

तुझा मला किती अभिमान वाटतो सांगू? आम्ही हातानं लढलो, तू त्या यंत्राकडून तुझी आई परत मागून आणलीस. मी गल्लीत प्रत्येकीला सांगते, नमुना माझ्या भाचीचा.

एकच शंका. सातव्या कागदावर, डाव्या भुवईच्या मध्ये चार चौकोन कातडीच्या रंगाचे आहेत. भुवई तिथे तुटते. छपाईची चूक आहे का? वहिनीची भुवई तर सलग होती, काळी कुळकुळीत.

आत्या


८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

हो, सॉफ्टवेअरचीच चूक आहे. त्या चार चौकोनांत काळा दोरा भर, बाकी सगळं बरोबर आहे.

खारू


१३ सप्टेंबर

खारू,

तू पाच वर्षांची असताना धुलाईघरात पळत आलीस आणि इस्त्रीच्या टेबलाचा कोपरा तुला लागला. रक्त थांबेपर्यंत ओला पंचा तुझ्या कपाळावर मीच धरला होता. डाव्या भुवईवर. तिथे पुन्हा केस आले नाहीत.

दोन महिने मी कोणाचा चेहरा काढतेय?

आत्या


२४ सप्टेंबर

ती. आत्या,

तुझ्या चार ओळी वाचून आठवडा झाला. तीन पत्रं लिहून फाडली. आता सरळ लिहिते.

तो माझा चेहरा आहे. माझा एक फोटो घेतला, केसांत थोडी पांढरी छटा घातली, डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला सुरकुत्या घातल्या, अंगावर अहवालातल्यासारखा कोट चढवला आणि त्याचा नमुना काढला. सॉफ्टवेअरनं काहीही भरून काढलं नाही. ते बिचारं दिलं तेवढंच मोजतं. भुवईची खूण काढायला विसरले, कारण रोज आरशात बघून ती मला दिसेनाशी झालीय.

का केलं? तू लिहिलंस, "तुला ती आठवत असेलच." आत्या, मला ती आठवत नाही. तिचे हात आठवतात. पाण्यानं बोटांची टोकं कायम सुरकुतलेली, गरम. पायऱ्यांवरचं तिचं पाऊल वाजायचं ते आठवतं. चेहरा आठवायला गेलं की तिथे नुसता उजेड असतो. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच. नऊ वर्षांची मुलगी आईचा चेहरा विसरते, ही काय सांगायची गोष्ट आहे?

लहानपणापासून सगळे म्हणत आले, "हुबेहूब आई." मला वाटलं, मग माझाच दिला तर खोटं कुठे होतं? आणि खरं सांगायचं तर, तो नमुना पडद्यावर पूर्ण झाला तेव्हा मला रडू आलं. वाटलं, अशीच असेल. पण तू जेव्हा लिहिलंस की तिनं तुझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला जेवण गेलं नाही.

तुझे दोन महिने मी फुकट घालवले. चिडून पत्र लिही, पण लिही.

खारू


२ ऑक्टोबर

चि. खारू,

चिडले होते. चार दिवस तर भांड्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, इतकी आदळली. आता ऐक.

पहिली गोष्ट. विसरणं हा गुन्हा नाही. चेहरा टिकवायला फोटो लागतो, बोलणारी माणसं लागतात. तुला आम्ही दोन्ही दिलं नाही. दादानं दार लावून घेतलं आणि मी जगाला भाषणं देत फिरले, पण तुझ्याजवळ बसून "तुझी आई हसायची तेव्हा आधी नाक हलायचं" एवढं सांगितलं नाही. हलायचं. लिहून ठेव.

दुसरी. खोटं मात्र खोटंच. अगं, तिच्या कामावर अधीक्षकांनी आपला चेहरा लावला होता, तेव्हा मी बोंब मारली. आता तिच्या चेहऱ्यावर तू तुझा लावलास. तू प्रेमानं लावलास, त्यांनी हावेनं लावला, फरक मला कळतो. पण भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कसा कळणार? त्याला तीच दिसली पाहिजे.

तिसरी. तू लिहिलं होतंस, सत्तावीस ठिपके. मी भिंग घेऊन पानाच्या झेरॉक्सवर मोजले. माझे अठ्ठावीस आले, पण माझा हात हलतो. हे सत्तावीस तर तिचेच आहेत ना? त्यांत कोणी भर घातलेली नाही ना? मग तेवढेच दे. मला गोड नको, सुबक नको. जेवढी उरली आहे तेवढी पूर्ण दे.

तुझा चेहरा मी उसवणार नाही. अर्धा झालाय, तो माझ्या खोलीसाठी नंतर पुरा करेन. वहिनीसाठी नवं कापड आणलंय. अकरा आठवडे आहेत. रडायचं असेल तर एका हातानं रड, दुसऱ्यानं काम कर.

आत्या


१२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

नमुना पाठवतेय. या वेळी सॉफ्टवेअरशी भांडावं लागलं. त्याला गुळगुळीत करायची खोड आहे. एकटी पडलेली फुली दिसली की ते तिला शेजारच्यांच्या रंगात मिसळून टाकतं, म्हणजे टाके घालणाऱ्याला सोपं जातं. मी ते बटण बंद केलं. आईच्या बाबतीत एकही ठिपका मिसळायचा नाही.

छपाईचा एक ठिपका म्हणजे नऊ फुल्या, तीन बाय तीन. कमरेपर्यंत घेतली आहे. सगळे मिळून साडेचार हजार ठिपके. हे प्रचंड आहे, मला माहीत आहे. छपाई काळी असली तरी रंग तू ठरव. मी निळ्याच्या नऊ छटा धरल्यात, ठिपका जेवढा जाड तेवढी गडद, धुलाईघरातल्या निळीसारख्या, सगळ्यांत फिकी म्हणजे नीळ टाकलेलं पांढरं कापड. नको वाटलं तर करड्या छटांचे नंबर शेजारी दिलेत.

जवळून बघशील तर चौकोनांचं शेत दिसेल. घाबरू नकोस. मी सगळे कागद चिकटवून ऑफिसच्या भिंतीवर लावले आणि मागे मागे जात राहिले. दहा पावलांवर काही नाही. वीस पावलांवर माणूस. पुढे जिन्याचं दार होतं. ते उघडून मी बाहेर गेले आणि तिथून पाहिलं.

आत्या, ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. सगळे समोर बघतात आणि ती उजवीकडे, चौकटीबाहेर कुठेतरी. हनुवटी पुढे. जणू तिकडे कोणीतरी काहीतरी चुकीचं करतंय आणि हे फोटो प्रकरण आटपलं की ती जाणार आहे. माझ्यात असं काहीही नाही. मी फोटोत कायम हसते.

चहावाल्या मावशी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कोण गं ही? हिच्यासमोर कप फोडायची भीती वाटेल." मी म्हटलं, "माझी आई."

असं म्हणून किती वर्षं झाली होती.

खारू


२८ नोव्हेंबर

चि. खारूस आशीर्वाद.

संपलं! काल दुपारी शेवटची फुली घातली, कोटाच्या खालच्या कोपऱ्यात. निळाच रंग ठेवला. करडा मनातसुद्धा आणला नाही.

एकटीनं होणारं नव्हतं. डावखुरी, गुंडीबाई आणि धुलाईघरातल्या तिघी रोज दुपारी यायच्या. मोठी चौकट बनवून घेतली आणि सहाजणी चहूबाजूंनी बसलो. क्रॉस स्टिचचा धर्म एकच: फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेनं पडला पाहिजे, नाहीतर उजेडात तो भाग वेगळा चमकतो. डावखुरीनं डाव्या खांद्याचे तीन दिवसांचे टाके उलट्या दिशेनं घातले. मी म्हटलं, उसव. ती म्हणाली, "जन्मभर तुझ्या युनियनमध्ये डावीकडे बसले तेव्हा चाललं, आता चालत नाही होय?" सगळ्या हसून लोटपोट. पण उसवलं तिनं. मग मीही तिच्यासोबत बसून घातलं.

आता वाईट बातमी. व्यवस्थापक बाई आज बघायला आल्या. चित्र टेबलावर होतं, त्या हातभर अंतरावर. म्हणाल्या, "हे तर नुसते चौकोन आहेत. ते आधीचं किती छान होतं! डोळे, ओठ, सगळं स्पष्ट. तेच लावू या." मी म्हटलं, ते चित्र माझ्या भाचीचं आहे, वहिनीचं नाही. तर म्हणतात, "पण आता कोणाला कळणार आहे?"

खारू, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, बाई, नेमकं याच वाक्यावर ही बाई गाडीपुढे उभी राहिली होती. पुसलेल्या गाडीतून चादर वर गेली तर कोणाला कळणार आहे, असंच तेव्हा सगळे म्हणत होते.

त्या जरा वरमल्या. पण अट ती अट. नव्या धुलाईघराच्या दालनात जागा आहे ती लोकांच्या नाकासमोर, दोन पावलांवर. मी म्हटलं, दालन नको. नव्या धुलाईघराकडे जाणारा लांब बोळ आहे, त्याच्या टोकाच्या भिंतीवर लावा. शेवटी ठरलं असं: सोळा तारखेपर्यंत ते तिथे लावून ठेवायचं, खाली पाटी नाही, कोणाला सांगायचं नाही. तिच्यासोबत काम केलेल्या एकानं जरी आपण होऊन ओळखलं, तर राहील. नाहीतर ते आधीचं मागतील, आणि मी देणार नाही. म्हणजे भिंत रिकामी. आमच्या सहाजणींची ओळख धरायची नाही, कारण आम्हाला ठाऊकच आहे.

तिच्या वेळचे आता उरलेत किती? बोटांवर मोजण्याइतके. आणि त्यांतले किती त्या बोळात पाय ठेवतील? पहिल्यांदाच मला भाषण सुचत नाही.

आत्या


५ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझ्या परीक्षेला मीसुद्धा बसू शकत नाही. मी नापास विद्यार्थिनी आहे.

पण एक लिहून ठेव. कोणी ओळखलं नाही तर चित्र काढ आणि घरी आण. मी येऊन घेऊन जाईन, माझ्या ऑफिसच्या जिन्यासमोर लावेन. आधीचं मात्र त्यांना द्यायचं नाही, आणि या चित्राच्या एका चौकोनालाही कोणाला हात लावू द्यायचा नाही. "जरा डोळे उठावदार करा" असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव. सप्टेंबरात मी चार चौकोनांत काळा दोरा भरायला सांगितला होता, तसं आता कोणी सांगितलं तर भांडायला मी उभी आहे.

एकोणिसाच्या संध्याकाळी पोचते. काहीही झालं तरी येते.

खारू


१६ डिसेंबर

चि. खारूस अनेक, अनेक आशीर्वाद.

तू निघण्याआधी हे पोचावं म्हणून आत्ताच लिहिते, घाईत. अक्षराला नावं ठेवू नकोस.

पंधरा दिवस रोज सकाळी मी बोळातल्या बाकावर जाऊन बसत होते. लोक यायचे, जायचे. तरुण पोरी थांबून बघायच्या, "मस्त आहे" म्हणायच्या. एक निवृत्त परिचारिका आली, चष्मा लावून अगदी कापडाला नाक टेकवलं आणि म्हणाली, "फरशीचा नमुना आहे का?" मला तिला हाताला धरून मागे ओढावंसं वाटत होतं. पण बोलायचं नाही, असं ठरलेलं. मी! आणि बोलायचं नाही! काल संध्याकाळी व्यवस्थापक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या, हळूच म्हणाल्या, "उद्याचा शेवटचा दिवस." त्यांनाही वाईट वाटत होतं, हे मान्य करायला हवं.

आज सकाळी त्या पुन्हा आल्या. आम्ही दोघी बाकावर. नव्या बॉयलरमध्ये काहीतरी अडलं होतं, म्हणून त्यांनी जुन्या बॉयलरवाल्याला घरून बोलावलं होतं. ऐंशीच्या पुढचा माणूस, ऐकू कमी येतं, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालेलं. वहिनीच्या हाताखाली त्यानं बारा वर्षं काढली. वाफ तो द्यायचा, शिव्या ती द्यायची.

तो बोळाच्या पलीकडच्या दारातून आत आला. आम्हाला त्यानं पाहिलं नाही. तोंडात सिगरेट, हातात पिशवी, आपल्याच नादात. दारातून दोन पावलं पुढे आला, समोर मान वर केली आणि थबकला. मग खारू, त्यानं तोंडातली सिगरेट काढली आणि झटकन पाठीमागे लपवली. शाळेतल्या पोरासारखी. पिशवी छातीशी धरली, ताठ उभा राहिला आणि त्या लांब बोळाच्या टोकाकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "ओढत नव्हतो, बाई. नुसती धरली होती."

वाळत घातलेल्या कपड्यांजवळ ती कोणाला सिगरेट ओढू द्यायची नाही.

व्यवस्थापक बाई उठून उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आजोबा, कोण आहे ती?" त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की काय हा प्रश्न! "कोण म्हणजे? धुलाईघराच्या बाई. तिकडे कोणीतरी गाडीचा गोंधळ घालतंय, त्याच्याकडे बघतायत. नशीब समजा माझ्याकडे बघत नाहीयेत."

मग तो इकडे येऊ लागला. जवळ येत गेला तशी ती त्याच्या डोळ्यांसमोर विरत गेली असणार, चौकोन चौकोन होत. अर्ध्या वाटेत तो थांबला, डोळे चोळले, पुन्हा मागे गेला. तिथे उभा राहिला. मी त्याच्यापाशी गेले, तेव्हा कुठे त्यानं मला ओळखलं. "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "तिच्या लेकीनं. आम्ही टाके घातले."

"ती छोटी? भुवईवर टेबल लागलं होतं ती?"

"तीच."

त्यानं खूप वेळ मान हलवली. मग इकडे तिकडे बघितलं, भिंतीला घासून सिगरेट विझवली, थोटूक खिशात टाकलं आणि म्हणाला, "तिला सांग, आईला काही विसरली नाहीस हो."

आत्या